डिग्री नाही, कमोडिटी ट्रेडिंगमध्ये शिरायचंय. चाकणची नोकरी सोडू का?

चाकण_ते_औसा

नमस्कार मंडळी. लिहू का नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितोच. वय ३४, डिप्लोमा मेकॅनिकल, अकरा वर्षं झाली चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका वेंडरकडे क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. हातात ३८ हजार येतात. बायको खाजगी शाळेत शिकवते, मुलगी दुसरीत. गाव औसा तालुक्यात, वडील सहा एकर करतात, सोयाबीन आणि तूर.

दोन वर्षांपासून डोक्यात एकच आहे की कमोडिटी ट्रेडिंगमध्ये करिअर करायचं. डीमॅट उघडलं, एमसीएक्सवर, म्हणजे कमोडिटीच्या एक्स्चेंजवर, नॅचरल गॅस मिनी हा गॅसचा छोटा वायदा केला, पाच महिन्यांत ६४ हजार गेले. दर गुरुवारी रात्री अमेरिकेचा गॅस साठ्याचा आकडा यायचा तेव्हा जेवण सोडून मोबाईल घेऊन गच्चीवर जायचो. बायकोला निम्माच आकडा सांगितला होता, गेल्या महिन्यात सगळा सांगितला.

आता एका इन्स्टिट्यूटवाल्याने गाठलंय, फी ४५ हजार, तीन महिन्यांचा कोर्स, नंतर "जॉब असिस्टन्स". तो म्हणतो डिग्री लागत नाही. दुसरीकडे नोकरीच्या जाहिराती बघतो तर सगळीकडे एमबीए अ‍ॅग्री बिझनेस नाहीतर फायनान्स मागतात. माझ्याकडे ना फायनान्स ना अ‍ॅग्री. तर विचारायचं हे की डिग्रीशिवाय या लाइनमध्ये खरंच कोणी घेतं का, हा कोर्स करावा का, आणि नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरावं का. कोणी स्वतः असं केलं असेल तर स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

फोर्टचा_जुना_डीलर

भाऊ, मी १४ वर्षं मुंबईत ब्रोकरच्या डेस्कवर कमोडिटी डीलर होतो, स्वतः बीकॉम नापास. आता बाहेर पडलोय.

आधी एक गोष्ट वेगळी करा. तुम्ही मोबाईलवर केलं तो वायदा, पुढच्या तारखेचा भाव आज ठरवून केलेला कागदी सौदा. ज्या नोकऱ्यांच्या जाहिराती बघताय तो मालाचा धंदा, खरेदी, साठवण, वाहतूक, विक्री. इंग्रजीत दोन्हीला ट्रेडिंग म्हणतात म्हणून घोळ होतो. पहिल्यात स्वतःचा पैसा लावून सट्टा करणं याला करिअर म्हणू नका. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, शेअरच्या एफ अँड ओमध्ये, म्हणजे वायदे आणि ऑप्शन्समध्ये, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास. तो अभ्यास शेअरचा आहे, कमोडिटीचा नाही, त्यामुळे आकडा जशाचा तसा इकडं लावणार नाही, पण माझ्या डेस्कवरच्या क्लायंटांकडं बघून मला त्यात काही नवल वाटलं नाही.

२० एप्रिल २०२० सांगतो. लॉकडाऊन, एमसीएक्स संध्याकाळी ५ ला बंद होत होतं. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बॅरलला साडेनऊशे रुपयांच्या आसपास बंद झालं. लोकांनी घेतलेले लॉट न विकता तसेच ठेवले, त्याच दिवशी एक्सपायरी, म्हणजे सौद्याची शेवटची तारीख. रात्री अमेरिकेत भाव शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलर. आपल्याकडं सेटलमेंट, म्हणजे सौद्याचा शेवटचा हिशेब, झाली उणे २,८८४ रुपयांना. १०० बॅरलचा एक लॉट म्हणजे माणसाला पावणेचार लाखांच्या वर फटका, आणि मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची अनामत, त्यापेक्षा कितीतरी कमी. बाजार बंद, म्हणजे विकून सुटायची सोयच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करत होतो आणि पलीकडं माणसं गप्प. एक जण एवढंच म्हणाला, "साहेब, तेल फुकट दिलं तरी शून्य होतं ना हो." त्याला मी काय सांगणार होतो.

डिग्रीबद्दल. ब्रोकरकडं डीलर व्हायला एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज १६, कमोडिटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा लागते, दोन तास, १०० मार्क. बसायला डिग्री लागत नाही. पुस्तक त्यांच्याच साइटवर मिळतं, दीड महिना रोज तासभर वाचलंत तर सुटेल. फी कोर्सच्या ४५ हजारांसमोर किरकोळ आहे. पण सल्ला विकायचा असेल, रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून सेबीकडं नोंदणी करायची असेल तर तिथं शिक्षणाची अट आहे, ते लक्षात ठेवा. आणि डीलरच्या नोकरीत पहिला प्रश्न येतो तो क्लायंट किती आणणार. तुमच्या ओळखीची ३८ हजारवाली माणसंच तुम्ही आणणार, आणि त्यांनाच गॅस मिनी करायला लावणार. विचार करा.

मातीचा_माणूस

मला एक कळत नाही, शेतकऱ्याचा पोरगा असून व्यापाऱ्यांच्या टोळीत कशाला जायचंय? ह्यांच्या वडिलांचंच सोयाबीन हवा, म्हणजे ओलावा, जास्त आहे म्हणून दोनशे-तीनशे कापून घेत असतील. लुटारू लाइन आहे ही. त्यापेक्षा गावी जाऊन प्रोसेसिंग टाका.

गंजगोलाई_काका

लेकरा, मी लातूरच्या मार्केट यार्डात ४१ वर्षं अडत करूलालो. शाळा सातवी. मला डिग्रीचं विचारू नको. ह्या मातीच्या माणसाला पण उत्तर देतो, रागावून नाही.

चाकणवाल्या, तुझ्या घरात मागच्या दिवाळीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, असेल. वडलाला फोटो काढून पाठवायला लाव आणि त्यातले आकडे इथं टाक. दुकानाचं नाव टाकू नको. त्या दिवशी सौद्यात पोटलीचा भाव काय निघाला होता ते पण विचार. बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं सकाळी मालाचा नमुना पोटलीत बांधून सौदा निघतो, त्यावरून दिवसाचा भाव कळतो, त्याला पोटली म्हणतात.

चाकण_ते_औसा

काका, मिळाली. वडिलांनी खतांच्या पावत्यांच्या डब्यात ठेवली होती. २२ कट्टे, वजन १२ क्विंटल ४० किलो, हवा १४, भाव ४,०५०. रक्कम ५०,२२०. हमाली, तोलाई वगैरे वजा ४१२. हातात ४९,८०८. त्या दिवशी पोटली ४,२८० होती असं शेजाऱ्यांच्या पट्टीवरून कळलं. म्हणजे क्विंटलला २३० कमी. वडील अजून बोलून दाखवतात त्याबद्दल.

गंजगोलाई_काका

आता कागद घे. सोयाबीनचा धंदा चालतो दहा-दोन-दोनवर. शंभरात हवा १०, माती-काडी २, डागी म्हणजे डाग पडलेले दाणे २, असा माल असला तर पूर्ण भाव. तुमची हवा १४. शंभर किलोत १४ किलो पाणी, ८६ किलो माल. तेच सोयाबीन वाळवून १० वर आणलं तर ८६ ला ९० नं भागायचं, ०.९५५ येतं. १२ क्विंटल ४० किलोचे राहिले ११ क्विंटल ८५ किलो. ४,२८० नं किती झाले? ५०,७१८. तुला मिळाले ५०,२२०. फरक ४९८ रुपये. सगळ्या मालावर, क्विंटलला नाही. त्यात दोन दिवस खळ्यावर पसरून वाळवायची मजुरी धर, रात्री आभाळ आलं तर गोळा करायची धावपळ धर. तुमच्या वडलाला त्या व्यापाऱ्यानं लुटलं नव्हतं, हिशेबानं दिले होते. पण त्याला कुणी हा हिशेब समजावून सांगितला नाही, ती आमच्या लोकांची चूक, ती मी कबूल करतो. आणि हवा मोजायचं मीटर १२ दाखवत असताना १४ लिहिणारे पण यार्डात आहेत, ते पण खोटं नाही. म्हणून मीटरच्या काचेत स्वतः डोकावायचं.

हे जे आत्ता केलं ना, हाच धंदा. बाकी सगळं ह्याच्यावर चढवलेले मजले.

मातीचा_माणूस

काका, हिशेब पटला. मी हे असं कधी करून बघितलं नव्हतं. माझ्या घरच्या पट्ट्या काढतो.

परखीवाली

चाकणदादा, मी हिंगोलीकडची. बीए मराठी, नंतर डीएड. शिक्षक भरतीची वाट बघत सहा वर्षं गेली, त्याचं सगळ्यांनाच माहीत आहे. मग एका गोदाम कंपनीत, बँकेनं ज्या मालावर कर्ज दिलंय तो सांभाळणाऱ्या कंपनीत, सॅंपलर म्हणून लागले. पगार ११ हजार. मुलाखतीत डिग्री विचारलीच नाही, "पोत्याच्या थप्पीवर चढता येतं का" एवढंच विचारलं.

पोत्यात खुपसायची पोकळ सळई असते, तिला आमच्याकडं परखी म्हणतात. वरच्या पोत्यातून नमुना घेतला की माल नेहमी चांगला निघतो, कारण चांगली पोती मुद्दाम वर आणि बाहेरच्या बाजूला लावलेली असतात. थप्पीच्या मधली, खालची, भिंतीकडची पोती काढायला लावायची, हमाल वैतागतात, गोदामवाला चहा मागवतो, तुम्ही तरी काढायलाच लावायची. पहिल्या वर्षी मी एकदा चहा पिऊन सही केली होती. महिन्यानं थप्पी उघडली तर खालच्या दोन थरांत चण्याला भुंगा, चाळणीत निम्मं पीठ. नोकरी जाता जाता वाचली. त्यानंतर आजपर्यंत नमुना हातात येईपर्यंत मी चहा घेत नाही, सात वर्षं झाली.

आता मी एका तेल प्लांटला खरेदी बघते, सोयाबीन आणि थोडी सरकी. रोज सकाळी साडेनऊला हिशेब मांडावा लागतो की आज किती भावाने माल घेतला तर परवडतो. धरून चाला, १०० किलो सोयाबीनमधून १८ किलो तेल निघतं आणि साधारण ८० किलो पेंड, म्हणजे आमची डीओसी. तेल १२० रुपये किलो तर २,१६०. पेंड ३२ रुपये तर २,५६०. झाले ४,७२०. त्यातून प्लांटचा खर्च, भाडं, व्याज, बारदाना वजा केला की मला कळतं की आज ४,३०० च्या वर बोली लावायची नाही. हे गणित करायला एमबीए लागत नाही. पण पेंडीची बांगलादेशाला मागणी आहे का, पोल्ट्रीवाले कुणाकडून घेतायत, अर्जेंटिनात पाऊस कसा आहे, सरकारनं तेलावरचं आयात शुल्क हलवलं का, हे रोज बघावं लागतं. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं तेव्हा एका रात्रीत माझा सगळा तक्ता फाडून नवा करावा लागला. पुढं मे २०२५ च्या शेवटी परत १६.५ वर आणलं.

तुम्ही अकरा वर्षं इन्स्पेक्शन केलंय. लॉटमधून किती पीस उचलायचे, कुठून उचलायचे, रिजेक्ट करताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं न बघता आकडा कसा लिहायचा, हे तुम्हाला येतं. मला ते शिकायला दोन वर्षं लागली. तुम्ही म्हणताय माझ्याकडं काहीच नाही. मला वाटतं तुमच्याकडं अर्धं काम आधीच आहे, फक्त व्हर्नियर सोडून परखी हातात घ्यायची.

देरा_दुबई

धागा छान चाललाय. मी बीए इतिहास, मूळ सोलापूर, दुबईत देऱ्याला एका डाळींच्या कंपनीत आहे. आफ्रिकेतली तूर, मोझांबिक, टांझानिया, मलावी, भारतात पाठवायची. सुरुवात न्हावाशेवाला कस्टम क्लिअरिंगवाल्याच्या ऑफिसात कागद टाइप करण्यापासून. ट्रेडर व्हायला मला नऊ वर्षं लागली आणि त्यातली सहा मी फक्त ऑपरेशन्स केलं, म्हणजे बिल ऑफ लेडिंग ऊर्फ बीएल, जहाजात माल चढल्याचा कागद, एलसी, बँकेची पैशाची हमी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, मालात कीड-रोग नसल्याचा दाखला, धुरीचं सर्टिफिकेट, विमा. लोकांना वाटतं ट्रेडर फोनवर भाव ठरवतो तोच धंदा. आमच्याकडं भावात जितका पैसा बुडाला असेल तितकाच कागदात बुडालाय. एकदा फायटोवर मालाचं वनस्पतिशास्त्रातलं नाव चुकीचं पडलं, माझ्याच हातून तपासायचं राहिलं, बारा कंटेनर बंदरात अडकले. रोजचं डिटेन्शन, म्हणजे अडकलेल्या कंटेनरचा दंड, रोजचं बंद न केलेल्या नळासारखं पैसे वाहणं. माल सुटेपर्यंत तुरीचा भावही उतरला. तेव्हापासून मी बीएल मोठ्यानं वाचतो, ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मोठ्या जागतिक कंपन्यांत ट्रेनी म्हणून घ्यायला डिग्री लागते, ते खरंय, तिथं आता दार अरुंद आहे. पण ऑपरेशन्स, लॉजिस्टिक्स, क्वालिटी ह्या बाजूनं आत आलेल्यांना आतून डेस्कवर जाता येतं, मी स्वतः आणि माझ्या ऑफिसातले अजून दोघं असेच आलेले. मार्क रिच नावाचा माणूस, तेलाच्या धंद्यातलं फार मोठं आणि वादग्रस्त नाव, तोसुद्धा कॉलेज सोडून १९५४ मध्ये फिलिप ब्रदर्सच्या टपाल विभागात लागला होता. पुढं त्यानं जे काही केलं ते अनुकरण करण्यासारखं नाही, पण शिरला टपालातूनच.

अभ्यासच करायचा असेल तर लंडनची गाफ्टा, धान्य आणि पशुखाद्य व्यापाराची संस्था, तिचा घरबसल्या करायचा अभ्यासक्रम आहे. करारांची कलमं त्यात शिकवतात. इंग्रजी वाचायची तयारी हवी. पण ते आत्ता नाही, एखाद्या ठिकाणी चिकटल्यावर.

फोर्टचा_जुना_डीलर

परखीवाली ताईंच्या गोदामाच्या मुद्द्यावरून आठवलं. २०१३ मध्ये एनएसईएल या मालाच्या हजर सौद्यांच्या एक्स्चेंजचं प्रकरण झालं, सुमारे ५,६०० कोटी अडकले, १३ हजारांच्या आसपास गुंतवणूकदार. कागदावर गोदामात माल होता, साखर, लोकर, एरंडी, काय काय. जाऊन बघितलं तर पुष्कळ ठिकाणी मालच नाही. जे "खात्रीचे चौदा-पंधरा टक्के" म्हणून विकलं जात होतं ते घेणाऱ्यांत सीए होते, एमबीए होते, निवृत्त बँकवाले होते. डिग्र्यांची कमी नव्हती. गोदामात जाऊन पोतं उघडून बघणारा कुणी नव्हता. २०१५ च्या सप्टेंबरात वायदे बाजार आयोग सेबीत विलीन केला त्यामागं हेही एक कारण होतं.

अजून एक, चाकणभाऊ. तुम्हाला सोयाबीन-चणा माहीत आहे म्हणून वायद्यात तेच करू असं वाटेल, तर ते नाही. २० डिसेंबर २०२१ ला सेबीनं सात शेतमालांचे वायदे थांबवले, त्यात सोयाबीन, चणा, मोहरी, गहू, मूग, साधा भात आणि पामतेल होतं, आणि नंतर बंदीची मुदत वाढतच गेली. तूर तर फार आधीपासून बंद, २००७ पासून.

गंजगोलाई_काका

वायदा होता तेव्हा आमच्या दुकानात भिंतीवर स्क्रीन होता, पुढच्या चार महिन्यांचा अंदाज तरी दिसायचा. आता कीर्ती तेल मिल, इंदूर, अकोला, नागपूर सगळीकडं फोन लावून भाव जुळवायचा. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. लोकांनी घरात धरून ठेवलं, बारा होईल म्हणून. ऑगस्टात सरकारनं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, नवीन पीक आलं, आणि दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर. माझ्या सख्ख्या मेहुण्यानं ६० क्विंटल ठेवलं होतं. मी त्याला विक म्हणलो नव्हतो, कारण माझा पण अंदाज चुकला होता. ४१ वर्षं काढून पण चुकतो माणूस. म्हणून सगळा माल एका दिवशी कधी विकू नये आणि एका दिवशी कधी घेऊ नये.

वाशिम_एफपीसी

वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मी शेतकरी उत्पादक कंपनीचा सीईओ आहे, ३१० सभासद, शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री. इथं कुणी उधारीवर बोललं नाही. आम्ही दुसऱ्याच वर्षी एका डाळ मिलला चण्याची एक गाडी पाठवली, २० टन, पंधरा दिवसांत पैसे म्हणाले. मिलचं नाव घेत नाही. चेक बाउन्स. दुसरा चेक, तोही बाउन्स. सभासदांचे पैसे तर मला द्यायचेच होते, माझ्या बायकोचे दागिने बँकेत गेले. अकरा महिन्यांनी तीन हप्त्यांत पैसे आले, व्याज काही नाही. भावात मी त्या गाडीत क्विंटलला ८० रुपये कमावले होते, म्हणजे १६ हजार. त्यासाठी बारा लाख अडकवले. तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाला काट्यावर गाडी चढायच्या आधी आरटीजीएस, नाहीतर गाडी परत. काही सौदे त्यामुळं जातात, जाऊ देत.

चाकणदादा, धंद्यात तुम्ही स्वतःचं भांडवल घेऊन उतरणार असाल तर पहिला प्रश्न भाव काय हा नाही, पैसे कोण देणार आणि कधी देणार हा आहे. बाजार समितीत खरेदी करायची तर परवाना लागतो, बाहेर थेट शेतकऱ्यांकडून घ्यायची तर थेट पणनचा परवाना. ते मिळतात, कागद करावे लागतात. पण पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या पैशावर, म्हणजे नोकरीत शिका असंच मी म्हणेन. आमच्यासारख्या कंपन्यांना ग्रेडिंग समजणारा माणूस मिळत नाही, पगार कमी असतो एवढंच.

साठवणुकीचा एक हिशेब देतो, हा सगळे विसरतात. आज ४,२८० चं सोयाबीन गोदामात ठेवलं. महिन्याला एक टक्का व्याज धरा, ४३ रुपये. चार महिने म्हणजे १७२. गोदाम भाडं, फवारणी, चढउतार मिळून धरा ६०. हवा उडून एक टक्का घट, ४३. चार महिन्यांनी ४,५५५ मिळाले तर तुम्ही जिथल्या तिथं. "चार महिन्यांत पावणेतीनशेनं वाढलं" म्हणून जो पेढे वाटतो त्यानं काहीच कमावलेलं नसतं.

चाकण_ते_औसा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काकांना खाजगीत मेसेज केला होता, ते म्हणाले शनिवारी ये. गेलो. चाकणहून शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, पहाटे लातूर.

काय बघितलं ते लिहितो. काकांनी पोत्यातून मूठभर सोयाबीन काढलं, दोन दाणे दाताखाली धरले, कट् असा आवाज आला, म्हणाले साडेअकरा. मीटरमध्ये टाकलं, ११.८. दुसरं पोतं, दाणा चावला तर दबला, तुटला नाही. म्हणाले चौदाच्या वर. मीटर १४.३. मग मला चावायला लावलं, मी पहिले दहा चुकलो, दुपारपर्यंत दहातले पाच बरोबर यायला लागले. हात पोत्यात कोपरापर्यंत घालायला लावला, ओला माल आत गरम लागतो, हे मला खरंच माहीत नव्हतं आणि मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलोय.

नंतर एक शेतकरी आला, पावसात भिजलेला माल, डागी बराच. खरेदीदार ३,६०० बोलला. तो माणूस काहीच बोलला नाही, नुसता पोत्याला हात लावून उभा राहिला. काकांनी खरेदीदाराला बाजूला घेऊन ३,७५० करून घेतलं. मला गाडीत बसल्यावरसुद्धा तो माणूसच दिसत होता. मातीचा माणूस म्हणतात त्यातलं काहीतरी खरं आहे असं वाटलं, आणि काकांचा हिशेबही खरा आहे. दोन्ही एकाच काट्यावर.

कोर्सवाल्याला नाही म्हणून कळवलं. डीमॅटमधले उरलेले १९ हजार काढून मुलीच्या खात्यात टाकले. एनआयएसएमचं पुस्तक उतरवून घेतलंय, वाचतोय, ट्रेड करायला नाही, समजायला. परखीवाली ताईंनी सांगितलं तसं गोदाम कंपन्यांना मेल केले, एकाकडून बोलावणं आलंय, लातूरलाच, क्वालिटी सुपरवायझर, पगार २१ हजार सांगतात. म्हणजे जवळजवळ अर्धा. गावच्या घरात राहिलो तर भाडं वाचेल पण बायकोची नोकरी पुण्याला. ती म्हणाली एक हंगाम तू एकटा जाऊन बघ, दसरा ते संक्रांत, मी इकडं सांभाळते, पण मोबाईलवरचं परत केलंस तर मात्र मला विचारू नको. कंपनीत बिनपगारी रजेचं विचारलंय, एचआर अजून काही बोलत नाही.

परखीवाली

रजा मिळाली तर सोन्याहून पिवळं, राजीनामा देऊ नका लगेच. २१ हजार आमच्या लाइनमध्ये सुरुवातीला चांगले आहेत, मी ११ वर लागले होते. मुलाखतीला जाल तेव्हा चाकणच्या रिजेक्शन रिपोर्टचा एखादा कोरा नमुना घेऊन जा, कंपनीचं नाव झाकून. आणि विचारा की थप्पीतली पोती काढायला किती हमाल देता. "हमाल कशाला" असं म्हणाले तर ती नोकरी घेऊ नका, तिथं तुमच्याकडून फक्त सही हवी आहे.

देरा_दुबई

हा शेवटचा मुद्दा लाखाचा आहे ताई.

चाकण_ते_औसा

नक्की विचारतो ताई. एक शंका, काकांकडच्या मीटरवर तुरीसाठी वेगळं बटण होतं. सोयाबीनच्याच सेटिंगवर तूर टाकली तर किती फरक पडतो? वडिलांची तूर जानेवारीत निघेल, तेव्हा मीच मोजायचं म्हणतोय.

गंजगोलाई_काका

आकडा चुकीचाच दाखवतो, दाण्याचा आकार आणि घट्टपणा वेगळा. सेटिंग बदलायचं, आधीच्या मालाचा चुरा ब्रशनं झाडायचा, आणि एकाच पोत्याचा नमुना तीन वेळा टाकून मधला आकडा धरायचा. सकाळी गार असताना एक आणि दुपारी एक असं पण करून बघ, वहीत लिही. तूर घेऊन यायच्या आधी पोटली विचारायला फोन कर. आणि ह्या वेळेस वडलाला सोबत आण, मीटरच्या काचेत त्यांना पण बघू दे.